मोजमापाचीच परीक्षा

एकाच सकाळी, उपाशीपोटी, एकाच माणसाचे रक्त दोन लॅबमध्ये तपासले. एकीने साखर 104 सांगितली, दुसरीने 97. घरात लगेच चर्चा सुरू होते. 100 ते 125 म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी, हे एव्हाना सगळ्यांनाच ठाऊक झालेले असते. पहिला कागद खरा मानला तर पथ्य सुरू करायचे, दुसरा मानला तर निर्धास्त राहायचे. कोणी म्हणते ती लॅब बरोबर नाही, कोणी म्हणते यंत्र बिघडले असेल. बहुतेक वेळा दोन्ही लॅब चांगल्या असतात आणि दोन्ही यंत्रेही ठणठणीत.

एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजला तर साखरेच्या आकड्यातला चढउतार 2.9 टक्क्यांच्या आत राहावा, अशी अपेक्षा अमेरिकेतील क्लिनिकल केमिस्ट्रीच्या तज्ज्ञांनी 2011 मध्ये घालून दिली होती. अट चांगलीच कडक आहे. तरीही ही अट पाळणाऱ्या दोन लॅबनी 100 च्या आसपासचे एकच रक्त मोजले, तर त्यांच्या उत्तरांत 8 मिलिग्रॅमपर्यंतचा फरक सहज पडू शकतो. 104 आणि 97 या एकाच साखरेच्या दोन नोंदी असू शकतात, आणि त्यात कोणाचीही चूक नसते.

हा झाला एका पदार्थाचा हिशेब, तोही शंभर वर्षांच्या अनुभवाने घोटून घेतलेल्या तपासणीचा. आज संशोधक रक्ताच्या किंवा लघवीच्या काही थेंबांतून शेकडो पदार्थ एकदम मोजतात. त्याला मेटाबोलिक प्रोफाइल म्हणतात. कर्करोग, हृदयविकार, मधुमेह यांची चाहूल त्यातून वेळेआधी लागेल, अशी आशा आहे, आणि ती रास्तही आहे. मात्र शेकडो आकडे एकदम हातात पडतात तेव्हा त्यांतल्या प्रत्येकावर किती विश्वास ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते. रोगाविषयी काही बोलण्याआधी मोजणाऱ्या पद्धतीची परीक्षा घ्यावी लागते.

थोड्याशा रक्तात किती पदार्थ

खाल्लेला घास पचतो, पेशींमध्ये जळतो, साठतो, मोडतो, पुन्हा बांधला जातो. या उलाढालीत जे छोटे रेणू तयार होतात ते मेटाबोलाइट. ग्लुकोज, युरिया, युरिक ॲसिड, कोलेस्टेरॉल, अमिनो ॲसिडे ही त्यांतली ओळखीची मंडळी. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने 2007 पासून मानवी मेटाबोलाइटांची एक सूची खुली ठेवली आहे. तिच्यात आता दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ रेणूंचा माणसाच्या शरीरात फक्त अंदाज बांधलेला आहे, ते प्रत्यक्ष मोजलेले नाहीत.

संख्येपेक्षा मोठी अडचण प्रमाणाची. रक्ताच्या लिटरमागे ग्लुकोज साधारण 5 मिलिमोल असते, तर काही संप्रेरके त्याच्या दहा कोटीव्या हिश्श्याइतकी. ही दोन्ही टोके एकाच यंत्राने एकाच फेरीत नीट पकडावीत, ही मागणीच जबर आहे.

सुरुवात याहून खूप साधी होती. 1934 मध्ये नॉर्वेतील डॉक्टर आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे एक आई बौद्धिक वाढ खुंटलेल्या आपल्या दोन मुलांना घेऊन आली. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले तेव्हा ती हिरवी झाली. त्या रंगामागे फेनिलपायरुव्हिक ॲसिड होते, आणि त्यातून फेनिलकीटोन्युरिया या जन्मजात आजाराचा छडा लागला. 1960 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब गाळणकागदावर सुकवून हाच आजार शोधण्याची रीत रुजवली. 1990 च्या दशकापासून त्याच सुकलेल्या ठिपक्यातून डझनावारी आजार एका झटक्यात तपासता येऊ लागले. गोव्याने 2008 मध्ये नवजात बाळांच्या अशा तपासणीचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला.

दरम्यान, दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी 1971 मध्ये सहकाऱ्यांसह माणसाच्या श्वासात सुमारे 250 आणि लघवीच्या वाफेत सुमारे 280 पदार्थ वेगळे करून दाखवले. त्यांतल्या बहुतेकांची ओळख तेव्हा पटलेली नव्हती. पदार्थ दिसणे आणि पदार्थ ओळखणे यांतले ते अंतर आजही पुरते मिटलेले नाही.

आज मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे वापरली जातात. एनएमआर यंत्र प्रबळ चुंबकक्षेत्रात रेणूंतल्या हायड्रोजनचे संकेत टिपते. ते फार सूक्ष्म प्रमाण पकडू शकत नाही, पण आज मोजले काय आणि सहा महिन्यांनी मोजले काय, उत्तर जवळपास तेच देते. दुसरे मास स्पेक्ट्रोमीटर. ते रेणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे निवडते. त्याच्या आधी क्रोमॅटोग्राफीची नळी असते, जिच्यातून वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. हे यंत्र हजारपट सूक्ष्म प्रमाण पकडते, पण दिवसागणिक त्याचा मूड बदलतो. पुढची बहुतेक कथा याच दुसऱ्या यंत्राची आहे.

नळीतले रक्त थांबलेले नसते

पद्धतीची परीक्षा यंत्रापासून सुरू होते, असा समज असतो. खरे तर ती सुई टोचल्या क्षणी सुरू होते.

नळीत काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. रक्त तसेच टेबलावर राहिले तर साधारण तापमानाला तासाला 5 ते 7 टक्के साखर कमी होते. म्हणूनच साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी वापरतात. तिच्यातले फ्लोराइड पेशींमधली साखर जाळण्याची साखळी एका टप्प्यावर अडवते. पण अडवलेल्या टप्प्याच्या आधीचे टप्पे काही काळ चालूच राहतात. त्यामुळे राखाडी नळीतही पहिला एक-दीड तास साखर उतरत असते. तातडीने बर्फात ठेवणे आणि लवकर सेंट्रीफ्यूज करून पेशी वेगळ्या काढणे, हा जास्त भरवशाचा मार्ग.

आता त्याच नळीतला दुसरा पदार्थ पाहावा : होमोसिस्टीन. ब-12 किंवा फोलिक ॲसिड कमी पडले की हे अमिनो ॲसिड रक्तात साचते. तांबड्या पेशी ते बाहेर सोडत राहतात, म्हणून रक्त तसेच ठेवले तर त्याचे प्रमाण तासाला सुमारे 10 टक्क्यांनी वाढते. एकाच नळीत, एकाच तासात, साखर खाली जाते आणि होमोसिस्टीन वर. रुग्णाच्या शरीरात यांतले काहीच घडलेले नसते. शेकडो पदार्थांच्या प्रोफाइलमध्ये असे कितीतरी आकडे आपापल्या दिशेने सरकलेले असतात, आणि कागदावर ते आजारासारखे दिसतात.

म्हणून चांगला अभ्यासगट यंत्र चालू करण्याआधी एक कंटाळवाणे काम करतो. काही जणांचे रक्त घेऊन ते अर्धा तास, एक तास, दोन तास, चार तास ठेवून, बर्फात आणि बर्फाबाहेर, पुन्हा पुन्हा मोजतो. कोणते पदार्थ टिकतात आणि कोणते पळतात, याची यादी त्यातून तयार होते. या कामाचे शोधनिबंधात एखादे वाक्य होते. पण हे काम केलेले नसेल तर पुढच्या रंगीत आलेखांना अर्थ उरत नाही.

पुण्यातले 441 पुरुष

होमोसिस्टीनचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे 441 पुरुष तपासले होते. त्यांतल्या 67 टक्क्यांमध्ये ब-12 कमी आढळले आणि 58 टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन 15 मायक्रोमोलच्या वर होते. आपल्या आहाराविषयी आणि आरोग्याविषयी खूप काही सांगणारा हा निष्कर्ष आहे.

अशा कोणत्याही अभ्यासात 15 या रेषेला फार महत्त्व येते, कारण तिच्यावरून माणसे दोन गटांत पडतात. समजा, एखाद्याचे खरे प्रमाण 12.5 आहे आणि खेड्यात काढलेले रक्त गाडीत दोन तास बर्फाशिवाय राहिले. लॅबमध्ये ते 15 च्या पुढे निघेल. शंभर लोकांच्या रक्ताचे असे झाले तर गावाचे आरोग्यच वेगळे दिसेल. खेड्यातून शहरात रक्त आणणाऱ्या संशोधकाला बर्फाची पेटी ही यंत्राइतकीच महत्त्वाची का वाटते, ते यावरून कळते.

दुसरी अडचण रक्ताच्या आतच आहे. रक्तद्रवातले 70 टक्क्यांहून अधिक होमोसिस्टीन प्रथिनांना गंधकाच्या बंधाने चिकटलेले असते. सुटे, मोकळे होमोसिस्टीन असते जेमतेम एक-दोन टक्के. एकूण प्रमाण मोजायचे तर आधी एखादे रसायन घालून ते बंध तोडावे लागतात. बंध अर्धवट तुटले तर आकडा कमी येतो, आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. यंत्र जे पुढ्यात आले तेच मोजते.

हे कसे तपासायचे? नेहमीची रीत अशी की रक्तद्रवात मोजून काही होमोसिस्टीन घालायचे आणि उत्तर तेवढ्याने वाढते का ते बघायचे. 10 घातले आणि 8 ने वाढले, तर 80 टक्के वसुली झाली. पण इथे एक फसगत आहे. बाहेरून घातलेले मोकळे होमोसिस्टीन प्रथिनांना चिकटलेलेच नसते. त्याची वसुली शंभर टक्के दिसेल आणि मूळचे चिकटलेले मात्र मागेच राहिलेले असेल. म्हणून जाणते रसायनतज्ज्ञ दोन होमोसिस्टीन एकमेकांना जोडलेल्या रूपात ते घालतात. तेही बंध तुटल्याशिवाय मोजता येत नाही, म्हणून त्याची वसुली चाचणीची खरी पारख करते.

चुका दोन जातींच्या असतात, आणि त्यांचा घोळ वारंवार होतो. एक जात चढउताराची : तोच नमुना दहा वेळा मोजला की 14.1, 15.2, 14.6 असे आकडे येतात. दुसरी जात एका बाजूला झुकण्याची : पद्धत दर वेळी दहा टक्के जास्तच दाखवते. पहिली चूक पुष्कळ माणसे तपासली की सरासरीत विरते. दुसरी विरत नाही; हजार माणसे तपासली तरी हजारांचे आकडे दहा टक्क्यांनी फुगलेलेच राहतात. एखाद्या पद्धतीचे आकडे एकमेकांशी सुरेख जुळतात, एवढ्यावरून ती खरे सांगते असे म्हणता येत नाही.

दादरची गर्दी आणि जुळा भाऊ

मास स्पेक्ट्रोमीटरची सर्वांत चमत्कारिक खोड त्याच्या तोंडाशी असते. द्रवाची बारीक फवार करून तिच्यातल्या रेणूंना विद्युतभार देण्याच्या ज्या तंत्रासाठी जॉन फेन यांना 2002 चे नोबेल मिळाले, तेच तंत्र इथे वापरतात. भार मिळालेले रेणूच आत जातात. पण भार मर्यादित आणि रेणू उदंड.

संध्याकाळी सहा वाजता दादरला विरार लोकल पकडण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाची स्थिती आठवावी. दुपारी तोच माणूस आरामात चढला असता. सहा वाजता दारात किती जण आत शिरले यावरून फलाटावर किती जण होते हे सांगता येत नाही, कारण गर्दी जितकी दाट तितके मागे राहणारे जास्त. रक्तात ही गर्दी मुख्यतः फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंची असते. ते बाहेर पडत असतानाच हवा असलेला पदार्थ नळीतून आला, तर त्याचा संकेत दबतो. शुद्ध पाण्यातल्या पदार्थावर बेतलेली मोजपट्टी मग रक्ताला लागू पडत नाही.

यावर उपाय म्हणजे त्या माणसाचा जुळा भाऊ. होमोसिस्टीनचे असे एक रूप बनवतात, ज्यात चार हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन म्हणजे ड्युटेरियम असते. रसायन म्हणून दोघांत जवळजवळ काही फरक नाही. दोघे एकाच वेळी येतात, एकाच गर्दीत सापडतात, एकसारखेच रेटले जातात. फक्त वजन वेगळे : यंत्राला एक 136 वर दिसतो, दुसरा 140 वर. नमुन्यात जुळे 100 घातले होते आणि आत 60 च पोहोचले, असे दिसले की गर्दीने 40 टक्के मागे ठेवले हे कळते. मग मूळ होमोसिस्टीनचे 30 पोहोचले असतील तर फलाटावर 50 होते, हा हिशेब सरळ झाला.

अडचण एवढीच की असा जुळा प्रत्येक पदार्थाला मिळत नाही, आणि मिळाला तरी तो महाग असतो. वीस-तीस ठरावीक पदार्थ मोजणाऱ्या लॅबला ते परवडते. हजार पदार्थ एकदम बघणाऱ्या संशोधकाला बहुतेकांच्या बाबतीत जुळ्यावाचूनच भागवावे लागते. त्यामुळे अशा प्रोफाइलमधले बरेच आकडे प्रत्यक्ष प्रमाण सांगत नाहीत. या नमुन्यात जास्त की त्या नमुन्यात, एवढेच ते सांगतात. गर्दी नेमकी कुठे दाटते हे शोधण्याची एक सुंदर युक्ती मात्र सगळ्यांना करता येते. यंत्रात ओळखीचा पदार्थ एकसारखा सोडत राहायचे आणि मधूनच रक्तद्रवाचा अर्क टोचायचा. सरळ चाललेली संकेताची रेषा जिथे खाली वाकेल, तिथे गर्दी आहे.

दिसले ते खरेच तेच आहे का

वजनावरून रेणू ओळखायचा तर एकाच वजनाचे दोन रेणू आले की पंचाईत. म्हणून यंत्र 136 वजनाचा होमोसिस्टीन निवडून त्याचे तुकडे करते आणि 90 वजनाचा तुकडा मिळाला तरच तो मोजते. हे दुहेरी गाळण बहुतेक तोतयांना बाहेर ठेवते. बहुतेकांना, सगळ्यांना नाही.

सार्कोसिनची कथा या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. 2009 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातील गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले की प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या 262 नमुन्यांत 1,126 मेटाबोलाइट तपासल्यावर सार्कोसिन हा छोटा रेणू रोग पसरत जातो तसा वाढताना दिसतो, आणि तो लघवीतही सापडतो. जगभर बातम्या झाल्या. सुईने तुकडा काढून तपासण्याऐवजी लघवीची साधी तपासणी, ही कल्पना कोणालाही हवीशी वाटेल अशीच होती. पुढच्याच वर्षी बर्लिनमधील गटाने लघवीतल्या सार्कोसिनवरून रोगी आणि निरोगी वेगळे करता येत नसल्याचे दाखवले. नंतरचे अभ्यास दोन्ही बाजूंनी आले आणि ही तपासणी दवाखान्यापर्यंत काही पोहोचली नाही.

वादाची कारणे अनेक आहेत, पण त्यांतली मोजमापाशी संबंधित दोन शिकण्यासारखी आहेत. सार्कोसिन आणि ॲलानिन यांचे अणू तेच आणि तितकेच : तीन कार्बन, सात हायड्रोजन, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. दोघांचे वजन तंतोतंत सारखे. त्यातच रक्तात ॲलानिन सार्कोसिनच्या शेकडो पट असते. क्रोमॅटोग्राफीच्या नळीत दोघांना स्वच्छ वेगळे केले नाही, तर ॲलानिनची किंचितशी गळतीही सार्कोसिन म्हणून मोजली जाईल. सार्कोसिन मोजणाऱ्या कोणत्याही पद्धतीला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. दुसरे कारण लघवीचे. ती उन्हाळ्यात घट्ट असते, भरपूर पाणी प्यायल्यावर पातळ. म्हणून पदार्थाचे प्रमाण कशाच्या तरी तुलनेत सांगावे लागते. कोणी क्रिएटिनिनशी तुलना करते, कोणी लघवीतल्या गाळात ॲलानिनशी. भागणारा आकडा बदलला की उत्तर बदलते.

ओळखीच्या खात्रीबाबत या क्षेत्राने 2007 मध्ये एक चांगला दंडक घातला. ओळखीच्या चार पायऱ्या ठरल्या. शुद्ध पदार्थ त्याच यंत्रावर शेजारी मोजून दोन स्वतंत्र गुणधर्म जुळले तर पहिली पायरी; नुसताच अनोळखी संकेत असेल तर चौथी. लेखकांनी कोणता रेणू कोणत्या पायरीवर आहे ते सांगावे, अशी अपेक्षा आहे. ‘एक हजार मेटाबोलाइट मोजले’ असे अभिमानाने लिहिलेले दिसले की वाचकाने त्यांतले पहिल्या पायरीवरचे किती, हे शोधावे. ती संख्या पुष्कळदा फारच लहान निघते.

2017 मध्ये सेंट लुइसमधील वॉशिंग्टन विद्यापीठातील दोन संशोधकांनी ई. कोलाय जीवाणूच्या एकाच तपासणीतले सुमारे 25,000 संकेत बारकाईने चाळले. एकच रेणू कधी सोडियम चिकटून येतो, कधी तुटून येतो, कधी जड कार्बनसह येतो. शिवाय द्रावकातली आणि प्लास्टिकमधली घाण असतेच. हे सगळे वजा केल्यावर खरे मेटाबोलाइट उरले हजाराहून कमी.

रोज बदलणारे यंत्र

मोठ्या अभ्यासात हजारो नमुने आठवडेच्या आठवडे यंत्रावर चालतात. तेवढ्या काळात यंत्राच्या तोंडावर क्षार साचतात, नळी जुनी होते, संकेत हळूहळू उतरतो. सोमवारी मोजलेला निरोगी माणूस आणि शुक्रवारी मोजलेला रुग्ण यांच्यातला फरक आजाराचा की यंत्राचा?

यावरची तोड साधी आहे आणि म्हणूनच ती टिकली. सगळ्या नमुन्यांतला थोडा थोडा भाग काढून एका भांड्यात मिसळतात. या मिश्रणाच्या बाटल्या करून दर पाच-दहा नमुन्यांनंतर त्यातले थोडे यंत्राला देतात. मिश्रण तेच असल्याने उत्तरही तेच यायला हवे. जितके बदलेल तितका यंत्राचा दोष, आणि तेवढी दुरुस्ती बाकीच्या आकड्यांत करता येते. एखाद्या पदार्थाचा आकडा या मिश्रणातच 20 टक्क्यांहून जास्त हलत असेल, तर द्रव-क्रोमॅटोग्राफीच्या अभ्यासांत तो पदार्थ सहसा सोडून देतात. वायू-क्रोमॅटोग्राफीत 30 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. औषधांच्या रक्तातील मोजणीला नियामकांची मर्यादा 15 टक्क्यांची असते. रोग ओळखायला निघालेल्या पद्धतीला औषध मोजणाऱ्या पद्धतीपेक्षा सैल माप लावले जाते, ही गोष्ट शोधाच्या पहिल्या टप्प्यात समजण्यासारखी आहे. दवाखान्यात ती चालणार नाही.

सोबत कोरे नमुनेही चालवतात, म्हणजे रक्त नसलेली बाटली, जिच्यावर बाकी सगळे सोपस्कार झाले आहेत. तिच्यातही जो संकेत दिसतो तो रक्तातला नाही. पदार्थ ‘दिसला’ म्हणायचे तर त्याचा संकेत यंत्राच्या खरखरीच्या निदान तिप्पट हवा. ‘मोजला’ म्हणायचे तर साधारण दहापट.

> चौकट : शंभर जणांचे एकत्र रक्त
>
> दोन लॅबची तुलना करायची तर दोघांना एकच रक्त द्यायला हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, यासाठी ‘एसआरएम 1950’ हा रक्तद्रव तयार केला. उपाशीपोटी असलेल्या 100 प्रौढांचे रक्त त्यासाठी एकत्र केले. स्त्रिया आणि पुरुष समसमान, वये 40 ते 50. तो गोठवून ठेवतात आणि कुप्यांमधून जगभरच्या प्रयोगशाळांना विकतात. त्यातल्या अनेक पदार्थांचे प्रमाण वेगवेगळ्या पद्धतींनी पडताळून प्रमाणित केलेले आहे. नवी पद्धत बसवणारी लॅब आधी ही कुपी मोजते आणि आपला आकडा प्रमाणित आकड्याशी जुळवून पाहते.

एकतीस लॅब, एक रक्त

याच कुपीवर 2017 मध्ये एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. 31 प्रयोगशाळांनी त्यातले स्निग्ध पदार्थ आपापल्या रीतीने मोजले. सगळ्यांनी मिळून 1,527 वेगवेगळे पदार्थ नोंदवले. सर्वांच्या आकड्यांवरून एकमताचे मूल्य काढता आले ते 339 पदार्थांचे. बाकीचे फार थोड्या लॅबना दिसले होते किंवा त्यांचे आकडे एकमेकांपासून फार दूर होते. सगळ्यांपुढे रक्त एकच होते, हे ध्यानात घेतले की हा निकाल बोचतो. एकाच लॅबने दिलेल्या लांबलचक यादीकडे सावधपणे बघायला तो पुरेसा आहे.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या तुलनेचे चित्र वेगळे आहे. सहा प्रयोगशाळांना एकच तयार किट, एकच लिखित कृती आणि तेच जुळे पदार्थ देण्यात आले. मोजायचे पदार्थ 189 आधीच ठरवलेले. प्रयोगशाळांमधला फरक मधल्या पदार्थासाठी 7.6 टक्के निघाला आणि 85 टक्के पदार्थ 20 टक्क्यांच्या मर्यादेत बसले. यंत्रे वेगवेगळी होती, तरीही. कृती एक ठेवली की लॅब जवळ येतात, हे यातून स्पष्ट दिसले. त्याची किंमतही दिसली : यादीबाहेरचा, कदाचित सर्वांत महत्त्वाचा, नवा पदार्थ अशा किटला कधीच सापडणार नाही. शोधायला मोकळी पद्धत आणि पडताळायला बांधलेली, असा दोन टप्प्यांचा रस्ता आता बहुतेक गट धरतात.

चांगली पद्धत, तरी चुकलेले निदान

शेजारच्या क्षेत्रातली, प्रथिनांच्या मोजणीतली एक घटना इथे सांगायलाच हवी. 2002 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाची रक्ततपासणी मांडली. मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखातला ठसा संगणकाने शिकायचा आणि रोग ओळखायचा. 50 रुग्णांपैकी 50 ओळखले गेले, रोग नसलेल्या 66 पैकी 63 जणींना बरोबर बाजूला काढले. हा कर्करोग बहुधा उशिराच सापडतो, त्यामुळे आनंद मोठा झाला.

66 पैकी 3 चुका म्हणजे सुमारे 5 टक्के. आता ही तपासणी एक लाख स्त्रियांची केली आणि त्यांत 40 जणींना खरोखर रोग आहे असे धरले, तर 40 खऱ्या रुग्णांबरोबर जवळपास 5,000 निरोगी स्त्रियांना कर्करोगाचा संशय सांगितला जाईल. त्यांतल्या किती जणींचे पोट उघडून पाहायचे? 95 टक्के अचूकता ऐकायला भरघोस वाटते. दुर्मिळ आजारात ती पुरत नाही.

याहून गंभीर गोष्ट नंतर बाहेर आली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. आलेखाच्या ज्या भागात यंत्राच्या खरखरीशिवाय काहीच असायला नको, तिथेही रुग्ण आणि निरोगी स्पष्ट वेगळे पडत होते. शरीरातला रोग खरखरीत उमटत नाही. नमुने कसे हाताळले, कधी आणि कोणत्या क्रमाने यंत्रावर चढवले, यांत दोन गटांमध्ये फरक राहिला असावा, असा संशय त्यांनी 2004 आणि 2005 मधील निबंधांत मांडला. संगणक रोग शिकला की कामाचे वेळापत्रक, हे सांगणे अशक्य झाले. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला असता तर हा प्रश्न उभाच राहिला नसता, आणि त्याला पैसाही लागत नाही.

त्या दोघांना हे पाहता आले, कारण मूळ संशोधकांनी आपली आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवली होती. ते त्यांच्या बाजूचे मोठेच काम म्हणायला हवे. मेटाबोलाइटांसाठी आता ही सोय कायमची झाली आहे. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटने 2012 पासून ‘मेटाबोलाइट्स’ नावाचे खुले भांडार चालवले आहे. यंत्रातून निघालेल्या कच्च्या फायली आणि नमुने कसे काढले, कसे साठवले, कोणत्या यंत्रावर कसे मोजले याची माहिती तिथे जमा करता येते. पुण्यातला किंवा नागपुरातला एखादा विद्यार्थी त्या फायली उतरवून घेऊन मिश्रणाचे आकडे आधी आणि रुग्णांचे नंतर, अशा क्रमाने स्वतः तपासू शकतो.